पांढरीवरचे घर

आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले आढळतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाखालची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी भिंती उभ्या राहायच्या, पडायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. चुलीची राख, शेण आणि पडक्या भिंती यांची मिळून जी पांढुरकी माती होते, तिच्यावरून वस्तीला हे नाव मिळाले. काळीचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. सारा, पीकपाणी, दुष्काळ, कूळकायदा, हे सगळे काळीचे. पांढरीचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या आधाराने तो थोडासा सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे.

घराचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाला पेलतो की नाही, हा आज अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा एक मोठा विषय झाला आहे. त्यावर जाडजूड अहवाल निघतात. आपण तो शहरवाल्यांचा विषय समजतो. मुंबईची चाळ, पुण्याचा फ्लॅट, तिथले भाडे आणि पागडी, त्यात खेड्याचे काय? पण हा प्रश्न शहरात जन्मला हे अर्धेच खरे आहे. त्याचे एक मूळ शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात आहे, आणि ते १८७४ सालचे आहे.

कर्ड्याला जाण्याआधी पांढरीवरचे घर कसे उभे राही ते पाहू. ज्या घराण्याचे वतन किंवा मिरास गावात असे, त्याची गावठाणातली जागा ठरलेली असे. ती विकत घ्यावी लागत नसे. दगड ओढ्याचा, माती पांढरीची, माळवदावर अंथरायला खारी माती, कुडाला तुराट्या. भिंत घालायला भाऊबंद येत. सुताराचा आणि लोहाराचा हिशेब बराचसा धान्यात व्हायचा. रोख पैसा लागे तो मुख्यतः लाकडाला. आपला मुलूख बोडका. तुळया, खांब, वासे आणि दारे यांचे लाकूड दुरून आणावे लागे. म्हणून ते जिवापाड जपले जाई. जुने घर मोडले तरी त्याच्या तुळया नव्या घरात जात. तेव्हा घर हे उत्पन्नातून विकत घ्यायची वस्तूच नव्हते. "तुम्हाला घर परवडते का हो?" असे त्या काळच्या कुणब्याला कोणी विचारले असते तर तो नुसता बघतच राहिला असता.

हे चित्र सबंध गावाचे होते असे मात्र समजू नका. मिरासदाराला जो हक्क होता तो उपऱ्याला नव्हता. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. त्याचे राहणे गावाच्या मर्जीवर. महारवाडा आणि मांगवाडा तर पांढरीच्या कडेला किंवा वेशीबाहेर. तिथली जागा गावकीच्या कामाशी बांधलेली होती. आणि पारध्यांसारख्या भटक्या जमातींना पांढरी अशी नव्हतीच. "पूर्वी सगळ्यांना घर होते" असे आपल्यात सहज म्हटले जाते. ते ज्यांना होते त्यांच्यापुरतेच खरे आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आता एकोणिसाव्या शतकात काय झाले ते बघा. इंग्रजी अमलात सारा रोख भरावा लागू लागला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. त्यातच १८६७ पासून इंदापूर आणि भीमथडी या बाजूला साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि पुष्कळ ठिकाणी सारा दीडपट-दुप्पट झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चाले. हा कायदा वास्तविक कुळाच्या भल्यासाठी केलेला. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. अक्षरशत्रू कुणब्याने अंगठा उठवायचा आणि घरी जायचे.

पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला नगर जिल्ह्यातल्या बारा गावांच्या पाहणीत असे दिसले की, सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात होते आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते. त्यातले जवळजवळ दोनतृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. म्हणजे काळी आधीच वहीत गेली होती. पांढरी तेवढी बाहेर होती.

ती वहीत कशी आली, हेच कर्ड्याचे प्रकरण. डिसेंबर १८७४ मध्ये कर्ड्याच्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या आपल्या ऋणकोविरुद्ध घर खाली करून घेण्याचा कोर्टाचा हुकूम मिळवला आणि तो घर पाडायला निघाला. गावाने त्याला परोपरीने सांगितले की, बाबा, एवढे करू नकोस. त्याने ऐकले नाही.

घर पाडण्यात सावकाराचा फायदा काय, असे विद्यार्थी विचारतील. ताब्यात घेऊन राहता आले असते, भाड्याने देता आले असते. माझा तर्क असा की गावठाणातल्या जागेला बाहेरचे गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक होते ते तुळयांना आणि दारांना. भिंती मातीला मिळाल्या तरी लाकूड बाजारात विकले जाई. शिवाय पाडलेले घर दहा गावांना दिसते, आणि ते बघून बाकीची कुळे वेळेवर पैसे भरतात, हाही हिशेब असावा. हा तर्क अगदीच वाऱ्यावरचा नाही. पुढच्या कायद्यात एक शब्द येतो, त्याने त्याला बळकटी येते. तिथे आपण पोचणारच आहोत.

गावाने मग हात उगारला नाही. त्याने बहिष्कार घातला. सावकारांच्या दुकानात कोणी पाऊल टाकीना, त्यांची शेते कोणी करीना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी काम बंद केले. घरगडी निघून गेले. सावकार तालुक्याच्या गावी जायला निघाले, तर गाडी हाकायला माणूस मिळेना. जो गावकरी यात सामील होणार नाही त्यालाही वाळीत टाकण्याचे ठरले. हा बहिष्कार पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. लक्षात घ्या, काळी कितीतरी वर्षे सावकाराकडे जात होती आणि गाव सोसत होते. गाव उठले ते घरासाठी उठले. जमिनीचे गहाण हा दोन माणसांतला व्यवहार समजला जाई. पांढरीवरची भिंत पाडणे हा मात्र सबंध गावाचा अपमान होता, असे मला या प्रकरणाचे मर्म वाटते.

पुढचा भाग पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारी लोक जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे मागून घेऊन जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते, आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा मुलूखही भीमथडीतच होता. दंगा शिरूर, इंदापूर आणि तिकडे नगर जिल्ह्यात पसरला. तीसहून अधिक गावांना त्याची झळ लागली. ९५१ माणसांना अटक झाली. रोष मारवाडी आणि गुजर सावकारांवर विशेष होता, कारण ते परके. पण व्याजाची रीत काही एका जातीची नव्हती आणि गावच्या सावकारांनीही त्याच वहीत लिहिले होते. काही ठिकाणी सावकारांची घरे पेटवण्यात आली. घर वाचवण्यासाठी जे सुरू झाले त्यात घरेही जळली, हे इतिहासाच्या शिक्षकाने गाळू नये.

खरी गंमत पुढच्या कायद्यांत आहे. आपण सहसा तिथे थांबत नाही, म्हणून जरा थांबू.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कोर्टाने नुसता रोखा न पाहता कर्जाची मूळ हकीकत तपासावी असे ठरले. आणि शेतकऱ्याची स्थावर मिळकत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करू नये किंवा विकू नये, असेही कलम आले. कलमाला एक शेपूट होते: ती मिळकत त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल तर. हे शेपूट ध्यानात ठेवा.

१८८२ च्या दिवाणी व्यवहाराच्या संहितेत, जप्तीतून काय सोडायचे त्याची यादी आहे. शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे यांच्या जोडीने तिथे शेतकऱ्याच्या मालकीच्या आणि त्याच्या राहत्या घराचे "सामान" असा उल्लेख येतो. सामान म्हणजे भांडीकुंडी नव्हेत. ज्या साहित्याने घर बांधले ते, अर्थात तुळया, वासे, दारे आणि दगड. कायदा करणाऱ्याला हे स्वतंत्रपणे लिहावे लागले, यावरून घर मोडून त्याचे लाकूड विकणे हे त्या काळी चाललेले असणार हे उघड आहे. १९०८ च्या संहितेत, जी सुधारून आजही चालू आहे, कलम ६० मध्ये शेतकऱ्याचे राहते घर, त्याचे साहित्य, खालची जागा आणि वापराला लागणारी लगतची जागा, असे सगळेच जप्तीबाहेर काढले. आणि १९७६ च्या दुरुस्तीने शेतकऱ्याच्या जोडीला मजूर आणि घरगडी हे शब्द आले. काळूरामाच्या हुकमापासून मजुराचे झोपडे कायद्यात यायला एकशे दोन वर्षे लागली.

पण ते शेपूट कायम आहे. कलम ६० हे जप्तीपासून वाचवते. तुम्ही स्वतः सही करून घर गहाण दिले असेल तर त्या गहाणाच्या वसुलीला ते आड येत नाही. सावकारांनी हे फार लवकर ओळखले. साध्या रोख्याऐवजी गहाणखत, आणि पुढे गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायची रीत पडली. कागदावर विक्री आणि तोंडी वचन, "पैसे दे आणि परत घे." ही रीत मेलेली नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात अशा बेकायदा सावकारीतून बळकावलेली मिळकत चौकशीअंती परत देण्याची तरतूद ठेवावी लागली, ती काही उगाच नाही. ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल त्यांनी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा.

इथवर घर वाचवण्याची गोष्ट झाली. आता घर पेलण्याची. तिच्यासाठी पुन्हा शिरूर तालुक्यातच राहू, मात्र कर्ड्याहून जातेगाव बुद्रुकला येऊ.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आधी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. मग ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकची पाहणी केली. ती १९२१ ची. पिंपळे सौदागर पुण्याच्या जवळचे, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जाणारे लोक तिथे होते. जातेगाव कोरडवाहू, पावसाच्या भरवशाचे. या पाहण्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. कुटुंबाला जगायला किती लागते हे त्यांनी आधी ठरवले, आणि मग घराघराचे उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहिले. कुटुंबांचे तीन गट पडले. पहिला, ज्यांचे नुसत्या शेतीवर भागते. दुसरा, ज्यांचे शेती अधिक बाहेरची मजुरी मिळून भागते. तिसरा, ज्यांचे दोन्ही मिळूनही भागत नाही. जातेगावात या तिसऱ्या गटात शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास कुटुंबे निघाली.

आकडा ऐकून धक्का बसतो. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी खेड्यातल्या बहुतेक कुटुंबाला घरभाडे हा खर्च नव्हता. घर पडके असेल, गळके असेल, पण दरमहा त्याच्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नव्हते. म्हणजे भाडे शून्य असतानाही पंच्याऐंशी कुटुंबांचे भागत नव्हते. त्यांच्यावर घराचा हप्ता लादला असता तर काय झाले असते, याचा विचार शाळेतल्या गणिताच्या तासालाही करता येईल.

घरखर्च किती असावा याचे एक ढोबळ माप जगात फार दिवस चालत आले. अमेरिकेत म्हणत की महिन्याचे भाडे आठवड्याच्या पगाराएवढे असावे. त्यावरून उत्पन्नाचा चौथा हिस्सा, आणि पुढे शेकडा तीस, असे प्रमाण सरकारी कामात रूढ झाले. बर्लिनच्या हेर्मान श्वाबे या आकडेतज्ज्ञाने १८६८ मध्येच दाखवले होते की, कुटुंब जितके गरीब तितका भाड्याचा हिस्सा मोठा. तरी प्रमाणाचे माप सोपे, म्हणून ते टिकले. आता एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त हिशेबासाठी. एका कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न १५,००० रुपये आणि दुसऱ्याचे ६०,०००. दोघांनीही शेकडा तीस घरावर घातले. पहिल्याकडे उरले १०,५००, दुसऱ्याकडे ४२,०००. दोघांची माणसे पाचच, दोघांच्या पोटांची भूक तेवढीच, शाळेची वही दोघांना एकाच भावाची. मापाच्या दृष्टीने दोघांनाही घर परवडते! अमेरिकेतले मायकेल स्टोन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात हेच आग्रहाने मांडले की, घराला किती जाते हे पुरेसे नाही, घराचे देऊन झाल्यावर काय उरते ते पाहा. मला यात नवल एवढेच वाटते की, आधी पोटाचे ठरवा आणि मग उत्पन्न ताडून पाहा, ही दिशा आपल्या जातेगावात १९२१ सालीच घेतली गेली होती.

घर आणि पगार यांची गाठ आपल्या भागात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडली ती दौंडला. पुण्याहून दिकसाळपर्यंत रेल्वे १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाली आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघून दौंड जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे ड्रायव्हर, फायरमन, फिटर आणि गार्ड. आणि त्यांच्यासाठी रेल्वेच्या चाळी व बंगले. इथले घर पांढरीचे नव्हते, नोकरीचे होते. भिंत पक्की, नळ दाराशी, पण निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करायची. पुढे राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतीतही तोच नियम. नोकरीत असताना घराची चिंता नाही आणि नोकरी सुटल्यावर चिंतेशिवाय दुसरे काही नाही, अशी ही सोय. तरीही मी तिला नावे ठेवणार नाही. पगारातून ठरलेली रक्कम कापून पक्के घर देण्याची व्यवस्था या मुलखात रेल्वेनेच दाखवली. सरकारने स्वतः गरिबांसाठी घरे बांधायची हे आपल्याकडे नंतर आले. मुंबई हौसिंग बोर्ड १९४९ चे, कारखान्याच्या कामगारांसाठी सवलतीच्या घरांची योजना १९५२ ची. आणि तीही गिरण्यांच्या गावी.

खेड्यांकडे वळले ते उशिरा आणि तुटक तुटक. १९५७ ची ग्रामीण घरबांधणी योजना मुख्यतः कर्जाची. १९७१ मध्ये भूमिहीन मजुरांना जागा देण्याची योजना आली, म्हणजे पांढरी नसलेल्यांची पहिल्यांदा आठवण झाली. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना, १९९६ पासून ती स्वतंत्र झाली. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. तिच्यात सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२,००० वेगळे, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे ठरले. महाराष्ट्राने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी पारधी आवास अशा वेगळ्या योजना काढल्या. "घरकुल" हा शब्द तर आता घरोघरी झाला आहे.

या घरकुलांनी पुष्कळ माणसे गळक्या छपराखालून बाहेर काढली. याविषयी कुजकट बोलणारे लोक बहुधा स्वतः पक्क्या घरात राहतात. पण दोन अडचणी गावात उघड दिसतात. पहिली जागेची. अनुदान मिळते ते घर बांधायला; ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याने ते कुठे बांधायचे? जागा विकत घ्यायला राज्याने दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना काढली, तिच्यात आरंभी पन्नास हजारांपर्यंत मदत होती. पुणे-नगर रस्त्याच्या कडेच्या गावात पन्नास हजारात पाचशे फूट जागा मिळेल का, हे शिक्रापूर-सणसवाडीकडच्या वाचकांनाच विचारावे. जुन्या गावगाड्यात ज्यांना पांढरी नव्हती, घरकुलाच्या यादीत नाव असूनही अडकून पडणारे बरेचसे त्यांच्याच वंशातले आहेत. दुसरी अडचण पुरवण्याची. सिमेंट, लोखंड, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांत अनुदान संपते आणि घर लिंटलपर्यंत येऊन थांबते. मग उसनवार होते, बचत गटाचे कर्ज होते, प्रसंगी सावकारही होतो. कागदावर घर पूर्ण, आणि वहीत नवे खाते सुरू!

आणि ज्यांची घरे कोणत्याच यादीत येत नाहीत अशी दोन प्रकारची माणसे आज आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी कारखाने निघाले. पुढे खाजगीही निघाले. मान साहेबांच्या कोरडवाहू जातेगाव बुद्रुकलाच साखर कारखाना उभा राहिला. गाळपाच्या हंगामात बीड-नगरकडचे ऊसतोड कामगार येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची आणि राहायचे कोपीत: बांबूच्या कामट्या, पाचट, वर ताडपत्री. कोपीला भाडे नाही. तेव्हा तीस टक्क्यांचे माप लावले तर या कुटुंबाला घर उत्तम परवडते! पाणी लांब, दिवा नाही, रात्री पाचटाला ठिणगीची भीती, आणि पाळण्यातले पोर उसाच्या कडेला; हे त्या मापात कुठेच बसत नाही.

दुसरी माणसे रांजणगावची आणि कुरकुंभची. औद्योगिक वसाहती आल्या, मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून तरुण आले, आणि गावातल्या शेतकऱ्यांनी त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा घातल्या. दहा बाय दहाची खोली, तीन-चार जण, नळ आणि संडास सामाईक. ज्या शेतकऱ्याची जमीन वसाहतीत गेली त्याचे घर या भाड्यावर चालते, हेही खरे आहे. कंत्राटी कामगाराला मात्र आज ना उद्या स्वतःचे घर हवे असते. तो मग एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तो असूनही असे व्यवहार वर्षानुवर्षे होत आले आणि २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. मजुराला परवडतो तोच तुकडा, आणि नेमका तोच कागदात अडतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सगळ्यांत नवी आहे. काळीची नोंद सातबाऱ्यावर असते. पांढरीवरच्या घराची नोंद आजवर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर. ती कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा म्हणून लंगडी. गावठाणाची नीट मोजणी करून प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक द्यावे, असे काम आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी, ड्रोन उडवून करून पाहण्यात आले. आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने स्वामित्व या नावाने ते सुरू केले. हद्दीचे तंटे मिटतील, बाईच्या नावावर घर लागेल, वारसांची नोंद होईल, हे मोठेच काम आहे. योजनेच्या उद्देशांत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: या पत्रकावर घरमालकाला कर्ज काढता यावे.

कर्ड्याचा इतिहास जाणणाऱ्याचे कान इथे टवकारतात. गावठाणाच्या जागेला गिऱ्हाईक नसणे ही जशी अडचण होती तशीच ती ढालही होती. आता ती जागा मोजलेली, नावावरची आणि तारण देण्याजोगी झाली. बँक काही काळूराम नव्हे. तिचे व्याज ठरलेले, पावती मिळते, दाद मागता येते. दुकान टाकायला, मुलीच्या शिक्षणाला, घराचा मजला चढवायला कर्ज लागते आणि ते सावकारापेक्षा बँकेचे केव्हाही बरे. पण २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला थकलेल्या कर्जासाठी साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेता येते. शेतजमिनीवरच्या तारणाला त्या कायद्यातून वगळले आहे. राहत्या घराला तशी सूट नाही. म्हणजे १८७४ साली काळी वहीत होती आणि पांढरी बाहेर. आज या कायद्यापुरते तरी काळीला कुंपण आहे आणि पांढरी उघडी आहे.

म्हणून गावात पत्रके वाटली जातील तेव्हा शिक्षकांनी तासभर काढून एवढे करावे. नमुना आठ, सातबारा आणि मालमत्ता पत्रक हे तिन्ही कागद मुलांपुढे ठेवून कोणता कशाचा ते समजावून सांगावे. कर्जाच्या अर्जात तारण म्हणून काय लिहिले आहे, पीक, शेत की राहते घर, हे सही करण्यापूर्वी आईवडिलांना वाचून दाखवायला मुलांना शिकवावे. आणि ज्यांच्या घरी पत्रक आधीच आले आहे त्यांनी त्यावरचा भार नोंदवण्याचा रकाना कोरा आहे की भरलेला, हे एकदा उजेडात धरून पाहून घ्यावे.